‘थोडंसं पाणी लागलेलं’ आउटबोर्ड मशीन: घेण्याआधी काय खोलून बघायचं

पावसाळी मासेमारीबंदी ३१ जुलैला संपते, सप्टेंबरात पर्यटनाच्या बोटी पुन्हा पाण्यात उतरतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत जुन्या आउटबोर्ड मशीनच्या, म्हणजे होडीच्या मागच्या काठावर बाहेरून लावायच्या इंजिनाच्या, जाहिराती वाढतात. ‘४० एचपी, दोन हंगाम वापरलेलं, थोडंसं पाणी लागलं होतं, सर्व्हिस करून चालू केलंय.’ दर नेहमीच्या सेकंडहँडपेक्षा बराच खाली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, मे २०२१ मध्ये तौक्ते वादळानं देवगड-मालवणच्या होड्यांना झोडपलं, त्याच वर्षी २२ जुलैला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठी नदीच्या पाण्याखाली गेली. अशा प्रत्येक आपत्तीत बुडालेली यंत्रं कुठे ना कुठे धुऊन, रंगवून पुन्हा विकायला येतात. आउटबोर्ड त्याला अपवाद नाही. म्हणून हे परीक्षण कुठल्या एका कंपनीच्या मॉडेलचं नाही. बुडून वर आलेलं मशीन हा जो माल बाजारात मिळतो, त्याचं आहे.

‘पाणी लागलं’ या शब्दांमागे निदान चार वेगळ्या गोष्टी असू शकतात आणि विकणारा कुठली सांगतोय ते आधी निश्चित करून घ्या. पहिली, मशीन बुडालेलंच नाही, बचावकार्यात रबरी बोटीवर पुराच्या गढूळ पाण्यात चालवलेलं आहे. दुसरी, गोदामात किंवा अंगणात स्टँडवर बंद असताना गोड्या पाण्यात बुडालं. तिसरी, खाडीत किंवा बंदरात होडीसकट खाऱ्या पाण्यात गेलं. चौथी आणि सगळ्यात वाईट, चालू असताना होडी उलटून बुडालं.

निकाल आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना तेवढाच हवा त्यांचं काम होईल. पुरात फक्त चाललेल्या मशीनला ५ पैकी साडेतीन. बंद अवस्थेत गोड्या पाण्यात बुडालेलं, १५ एचपीपर्यंतचं, कार्बोरेटरचं, दोरीवर चालू होणारं टू-स्ट्रोक, त्याच दिवशी खोलून तेलात घातल्याचा पुरावा असेल तर ५ पैकी ३. असंच ४० एचपी टू-स्ट्रोक असेल तर २, तेही क्रँककेसच्या, म्हणजे फिरता क्रँक ज्या पेटीत असतो तिच्या, आत बघू दिलं तरच. खाऱ्या पाण्यातून काढलेलं कुठलंही, फार तर १. आणि कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक इंजेक्शननं इंधन घेणारं फोर-स्ट्रोक, पाणी कुठलंही असो, शून्य. ते सुट्या भागांच्या भावात मिळत असेल तर भागांसाठी घ्या, बोटीला लावायला घेऊ नका.

या आकड्यांमागचं कारण एकच आहे. बुडालेलं मशीन पाण्यात असताना जेवढं बिघडतं, त्याहून कितीतरी जास्त बाहेर काढल्यावर बिघडतं. पोलादाला गंज चढायला पाणी आणि हवा दोन्ही लागतात. तळाशी गाळात हवा कमीच पोहोचते. मशीन वर काढलं, पाणी निथळलं, आणि ओल्या बेअरिंगला मोकळी हवा मिळाली की काही तासांत तांबूस छटा दिसायला लागते. म्हणून जाणता मिस्त्री सांगतो की लगेच खोलणं जमत नसेल तर मशीन स्वच्छ गोड्या पाण्याच्या टाकीत पुन्हा बुडवून ठेवा. ऐकायला उलटं वाटतं, पण योग्य तेच आहे. प्रत्यक्षात पूर ओसरला की माणसं आधी घर धुतात, धान्य वाळवतात, कागद सुकवतात. मशीन आठवडाभर पडवीत उभं राहतं. त्यात कोणाचा दोष नाही, पण मशीन त्या आठवड्यातच संपलेलं असतं. तेव्हा विकणाऱ्याला ‘किती वेळ बुडालं होतं?’ यापेक्षा ‘बाहेर काढल्यापासून खोलेपर्यंत किती वेळ गेला, आणि कोणी खोललं?’ हा प्रश्न विचारा. उत्तर चाचपडत आलं तर पुढचं वाचायची गरज नाही.

योग्य उपचार काय असतो हे माहीत असलं की उत्तर खरं की बनवलेलं ते कळतं. झाकण काढून वरून गोड्या पाण्याची हलकी धार, प्रेशर वॉशर नाही. प्लग काढायचे, प्लगची भोकं खाली येतील असं मशीन आडवं करायचं, आणि दोरी हळूहळू ओढून आतलं पाणी बाहेर काढायचं. आत रेती-गाळ गेल्याची शंका असेल तर दोरी ओढायचीसुद्धा नाही, सरळ खोलायचं, कारण तो गाळ पिस्टन आणि सिलिंडरच्या मध्ये कानशीसारखा चालतो. कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या करायच्या. पाणी हटवायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आतून फिरवायचं, मग कार्बोरेटरच्या तोंडातून आणि प्लगच्या भोकातून टू-टी तेल सोडून फ्लायव्हील (क्रँकच्या वरच्या टोकावरचं जड चाक) फिरवायचं. आणि त्याच दिवशी, पेट्रोल-तेलाच्या ५० ला १ ऐवजी २५ ला १ मिश्रणावर, कमी वेगात निदान अर्धा तास चालवायचं. ज्यानं हे केलंय तो न विचारता क्रम सांगतो. ज्यानं केलेलं नाही तो ‘सगळं सर्व्हिस केलंय’ एवढंच म्हणतो.

आता टू-स्ट्रोकच्या मुख्य दुखण्याकडे येऊ, कारण आपल्याकडे विकायला येणारी बहुतेक मशीनं ही आहेत आणि फसगतही इथेच होते. टू-स्ट्रोकला खाली तेलाचा साठा नसतो. इंधनातून जे तेल येतं त्याच्या पातळ थरावर क्रँकची बेअरिंगं आणि कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकाचे रोलर फिरतात. पाणी शिरलं की तो थर जातो. रोलर आणि त्याची रिंग यांच्यामधल्या केसाएवढ्या फटीत पाणी धरून राहतं, बाकी सगळं वाळलं तरी तिथलं वाळत नाही. मग ज्या जागी रोलर टेकून थांबलेले असतात, नेमक्या त्या जागी गंजाची बारीक रेघ उठते. मशीन चालू केलं की तेल मिळतं, गंज घासून निघतो, आवाजही चांगला येतो. पण रेघेच्या जागी खड्डा राहिलेला असतो. रोलर प्रत्येक फेरीला त्यावरून आदळतो, कडा तुटत जातात, पोलादाचे पापुद्रे सुटतात. शेवटी रोलरचा पिंजरा तुटतो आणि त्याचे तुकडे पिस्टनपर्यंत जातात. हे पहिल्या दिवशी होत नाही. अंगणातल्या पिंपात वीस मिनिटं चालवून दाखवलेलं मशीन प्रामाणिकपणे चालतं. तुटतं ते पुढे, पूर्ण लोडवर, बहुधा भरलेल्या होडीत.

म्हणूनच कॉम्प्रेशनच्या, म्हणजे सिलिंडरमध्ये तयार होणाऱ्या दाबाच्या, आकड्यावर विसंबू नका. कॉम्प्रेशन गेज रिंगा, सिलिंडर आणि हेडच्या गास्केटबद्दल सांगतं. बेअरिंगबद्दल एक अक्षर सांगत नाही. ती चाचणी करायचीच, दोन्ही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, पाच-सहा झटके देऊन. दोन सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांपर्यंत फरक चालेल, पंधराच्या वर गेला तर बाजूला व्हा. पण १२० आणि १२० पीएसआय आलं म्हणून खिशातून पैसे काढू नका.

बेअरिंग बघायला एक खिडकी असते, आणि तिचा आग्रह धरायलाच हवा. ज्या टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसला रीड व्हॉल्व्हची (हवा-इंधन आत घेणारी, एकाच बाजूनं उघडणारी झडप) पट्टी असते, त्यात कार्बोरेटर आणि त्यामागची रीडची प्लेट काढली की सरळ क्रँककेसमध्ये डोकावता येतं. चांगल्या मिस्त्रीचं तासाभराचं काम. लागणारं नवं गास्केट तुम्ही आणून द्या, म्हणजे विकणाऱ्याला तक्रारीला जागा राहत नाही. फोनला जोडायचा छोटा कॅमेरा आणि टॉर्च आत सोडा आणि फ्लायव्हील हातानं सावकाश फिरवा. निरोगी क्रँक तेलकट दिसतो, काळपट-तपकिरी चमक असलेला, रॉडचं मोठं टोक गुळगुळीत, बाजूचे वॉशर एका रंगाचे. बुडालेल्या मशीनमध्ये क्रँकच्या चकतीवर आडवी रेघ दिसते, पाणी जिथवर उभं होतं तिथली. रेघेच्या खाली रंग फिका, वर गडद. रॉडच्या फटीत नारिंगी ठिपके. आणि कोपऱ्यात, तेलात भिजून घट्ट झालेला चिमूटभर गाळ, बोटाच्या नखानं खरवडला तर करकर लागणारा.

बघताना खालून सुरुवात करा. आउटबोर्डचा क्रँक उभा असतो, त्यामुळे पाणी आणि गाळ खालच्या सिलिंडरकडे आणि खालच्या मेन बेअरिंगकडे उतरतो. वरचा सिलिंडर आरशासारखा आणि खालच्यात गंजाची कडी, असं चित्र अनेकदा दिसतं. मशीन आडवं पडून बुडालं असेल तर हिशोब बदलतो, म्हणून कोणत्या स्थितीत सापडलं तेही विचारून ठेवा. प्लगच्या भोकातून तोच कॅमेरा सिलिंडरमध्ये घाला. पिस्टन जिथे थांबला होता तिथे भिंतीवर गोल तपकिरी कडी असेल तर तो भाग होन करून (घासून गुळगुळीत करून) सुटेल की बोअर करावा (कापून मोठा करावा) लागेल, हे नखाला लागणाऱ्या खाचेवरून मिस्त्री ठरवेल.

खिडकी उघडू दिली नाही तर? मग प्लग काढून फ्लायव्हील दोन बोटांनी शक्य तितक्या हळू फिरवा. लोण्यासारखं फिरायला हवं. मध्येच दाणे लागल्यासारखं जाणवलं किंवा एका ठरावीक जागी अडून पुढे गेलं, तर बेअरिंगच्या रिंगेत खड्डे आहेत. फ्लायव्हील दोन्ही हातांनी धरून आडवं हलवून पाहा, खेळ जाणवता कामा नये. ही चाचणी खिडकीची बरोबरी करत नाही. आत बघू न देणाऱ्याचं मशीन ४० एचपीचं असेल तर ते सोडून द्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

गाळाचा रंगही बोलतो. कोकणातला पूर जांभ्याची लाल माती आणतो, कृष्णा-पंचगंगेचा गाळ काळपट. झाकणाच्या आतल्या बाजूला आवाज कमी करणारा फोम असतो, तो दाबा. धुतलेल्या मशीनच्या फोममध्येही गाळ राहतो आणि दाबल्यावर बोटाला लागतो, कुबट वास येतो. कोल्हापूरचं म्हणून सांगितलेल्या मशीनच्या फोममध्ये लाल माती निघाली, तर पुढची सगळी कहाणी तपासून घ्या. दोरीच्या स्टार्टरचं झाकण काढून स्प्रिंगच्या वेटोळ्यात बघा, स्टार्टर मोटरच्या दात्यांच्या मागे बघा, वायरिंगच्या पेटीचं झाकण उघडून त्याच्या रबरी कडेखाली बघा. धुणारा इथपर्यंत सहसा पोहोचत नाही. बोल्टच्या डोक्यावरचा मूळ रंग पान्याच्या जागी कुठेच उडालेला नसेल, तर ‘खोलून सर्व्हिस केलंय’ हे खोटं आहे. बोल्ट उघडलेलेच नाहीत.

खारं पाणी ओळखायला सर्व्हेअर लोक एक जुनी युक्ती वापरतात. सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण. लपलेल्या कोपऱ्यात ओल्या कापसानं पुसायचं, कापूस डिस्टिल्ड पाण्यात पिळायचा आणि त्यात एक थेंब टाकायचा. दुधासारखं पांढरं झालं की मीठ आहे. साध्या नळाच्या पाण्यात क्लोराइड असल्यानं ते वापरू नका, चाचणी फसते. हातमोजे घाला, कातडीवर काळे डाग पडतात. हे करायचं कारण असं की मीठ हवेतलं बाष्प ओढत राहतं. बाहेरून कोरडं दिसणारं मशीन पुढच्या पावसाळ्यात आतून पुन्हा ओलं होतं आणि वर्षभरानंतरही खात राहतं. स्टीलचे बोल्ट ॲल्युमिनियमच्या ब्लॉकमध्ये असे धरून बसतात की पुढे साधा थर्मोस्टॅट बदलायला गेलं तरी बोल्टचं डोकं तुटून हातात येतं.

विजेच्या बाजूला टू-स्ट्रोक थोडं सोशिक आहे. सीडीआयचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या इलेक्ट्रॉनिक युनिटचा, डबा आतून रेझिननं भरलेला असतो, तो सहसा टिकतो. फ्लायव्हीलखालच्या, वीज आणि ठिणगीचा इशारा देणाऱ्या स्टेटर आणि पल्सर कॉइलचं मात्र सांगता येत नाही. फ्लायव्हील पुलरनंच काढायचं, हातोड्यानं नाही. आतले चुंबक गंजून फुगलेत का, चावीची खाच शाबूत आहे का, कॉइलच्या वार्निशला भेगा पडल्यात का ते बघा. मल्टिमीटरनं कॉइलचा रोध मोजून मॅन्युअलच्या आकड्याशी ताडा, आणि कॉइल ते बॉडी काहीही जोड दाखवता कामा नये. ठिणगी टेस्टरवर ८-९ मिलिमीटर फटीतून निळी आणि करकरीत उडायला हवी. पिवळट, मऊ ठिणगी म्हणजे खर्च.

एक भाग मात्र असा आहे, ज्याकडे जवळपास कोणीच बघत नाही आणि ज्याच्यामुळे माणूस मरू शकतो. लाल दोरीची किल स्विच: दोरी चालवणाऱ्याच्या अंगाला बांधलेली असते आणि तो पडला की मशीन बंद करते. साध्या सीडीआय मशीनमध्ये ती कशी चालते ते समजून घ्या: दोरीची क्लिप निघाली की आतले संपर्क जुळतात, इग्निशनची वायर बॉडीला मिळते आणि ठिणगी थांबते. म्हणजे मशीन बंद पडण्यासाठी संपर्क जुळायला हवेत. पाण्यात बुडालेल्या स्विचमध्ये ते हिरवे पडतात, जुळत नाहीत, आणि क्लिप निघाली तरी मशीन चालूच राहतं. माणूस बाहेर फेकला जातो, होडी गोल फिरते, आणि पंखा त्याच्याच अंगावर येतो. मल्टिमीटर लावा: क्लिप बसवलेली असताना जोड दिसता कामा नये, काढल्यावर शून्याच्या जवळ ओहम दिसायला हवेत. मग मशीन मंद चालवून पाच वेळा क्लिप ओढा. पाचपैकी एकदाही उशीर झाला तरी स्विच बदला. नवी स्विच मशीनच्या किमतीपुढे काहीच नाही. हे काम विकत घेतल्यावर नंतर करू म्हणून ठेवू नका. गिअरमध्ये असताना चालू न होऊ देणाऱ्या न्यूट्रल स्विचचीही याच वेळी परीक्षा घ्या.

खालच्या गिअरकेसमध्ये एरवीही पाणी शिरतं, त्यामुळे तिथलं पाणी पुराचंच असेल असं नाही, पण तपासणी तीच. दोन स्क्रू असतात. आधी खालचा थोडा ढिला करा: मशीन दोन-तीन तास उभं असेल तर तेलाच्या आधी पाणी बाहेर येतं. तेल ताकासारखं असेल तर सील गेलंय. तेल अगदी स्वच्छ, पारदर्शक असेल तर ते काल भरलंय, म्हणून चाचणी दाबानं करा. हवेचा पंप आणि गेज लावून १० ते १४ पीएसआय दाब भरा, पाच मिनिटं थांबा, पिंपात बुडवून बुडबुडे बघा. पंखा काढून शाफ्टभोवती मासेमारीची नायलॉन दोरी अडकलीय का तेही पाहा, सील कापणारी बहुधा तीच असते. खालच्या स्क्रूच्या चुंबकावर काळी पेस्ट चालते, पोलादाचे कण चालत नाहीत.

पुरात फक्त चाललेल्या मशीनबद्दल दोन शब्द, कारण त्याला वर बरे गुण दिलेत. बचावकार्यात ते न बुडता दिवसभर गढूळ पाणी ओढत राहतं. रबरी इम्पेलर आणि त्याचा स्टीलचा कप घासून चरे पडतात, सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या वाटांत आणि थर्मोस्टॅटच्या खोबणीत गाळ बसतो. बाजूची पाण्याची धार बारीक होते आणि मशीन तापतं. पाण्याचा पूर्ण पंप-किट, थर्मोस्टॅट, झिंक (गंज स्वतःवर ओढून घेणारा जस्ताचा तुकडा) आणि वाटांची सफाई एवढ्यावर निभावतं. हेड काढून पाण्याच्या वाटा उघड्या केल्या तर उत्तम. पंख्याची पाती पुराच्या पाण्यातल्या तारा-दगडांनी चेपलेली असतात; शाफ्ट वाकलाय का ते पंखा काढून हातानं फिरवून बघा.

चालू असताना बुडालेल्या मशीनचा प्रश्न वेगळाच. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड असलेलं मशीन चालू होतंही, पण त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी दाखवतं आणि पिस्टन भिंतीला एका बाजूनं घासतो. प्लगच्या भोकातून पातळ पट्टी घालून प्रत्येक पिस्टन आपापल्या सर्वात वरच्या जागी आलेला असताना त्याची उंची मोजा. दोन्हींत फरक आला तर रॉड वाकलाय, सौदा संपला.

फोर-स्ट्रोकला शून्य का दिलं, ते थोडक्यात. आतली बेअरिंगं तेलाच्या दाबावर चालणारी सपाट असतात, वेळेत तेल बदललं तर ती टू-स्ट्रोकपेक्षा बरी वाचतात. मारते ती वायरिंग. इंजेक्शनच्या मशीनमध्ये कंट्रोल युनिट, सेन्सर, इंजेक्टर, उच्च दाबाचा पंप, ट्रिमचे (मशीन वर-खाली कलवण्याचे) रिले, आणि या सगळ्यांना जोडणारे डझनावारी पिनांचे जोड. पाणी जोडातून शिरतं आणि तांब्याच्या तारांच्या फटींतून आवरणाच्या आत सरकत जातं. बाहेरून वायर नवी, आत हिरवी पूड. दोष कधी येतो, कधी जातो. चार वेळा किनाऱ्यावर व्यवस्थित चालतं, पाचव्यांदा समुद्रात सेफ मोडमध्ये जाऊन चालण्याएवढा वेगही देत नाही. पूर्ण हार्नेस आणि युनिट बदललं तर आकडा कुठे जातो ते विक्रेत्याकडून कोटेशन घेऊनच बघा. तरीही कोणाला बघायचंच असेल तर तेल भरायचं झाकण काढून टॉर्चनं कॅमकडे आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगांकडे बघा, तिथला गंज तेल बदलून लपत नाही. डिपस्टिकवर पातळी खुणेच्या वर असेल तर खाली पाणी साचलेलं असू शकतं. कंपनीच्या डायग्नोस्टिक सॉफ्टवेअरवर एकूण तास आणि जुने फॉल्ट कोड काढून घ्या. तो कागद विकणाऱ्यानं आधीच दाखवला नसेल तर डीलरकडे पैसे भरून तुम्ही काढा.

चाचणीला जाताना मशीन थंड हवं. सिलिंडर हेडला हात लावा. कोमट असेल तर तुम्ही येण्याआधी कोणीतरी चालू करून ठेवलंय, परत दुसऱ्या दिवशी या. पिंपातली चाचणी फक्त धार आणि आवाज कळायला. खरी चाचणी होडीवर, दोन-तीन माणसांच्या वजनासह, निदान अर्धा तास. टॅकोमीटर लावा. ४० एचपीच्या टू-स्ट्रोकनं पूर्ण थ्रॉटलला साधारण ४५०० ते ५५०० आरपीएम गाठायला हवेत. नेमका पल्ला त्या मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये असतो. मग २००० च्या आसपास उतरवा आणि लाकडी काठीचं एक टोक ब्लॉकला, दुसरं कानाजवळ धरून ऐका, फिरत्या भागांपासून हात लांब ठेवून. बेअरिंग खराब असेल तर घरघर ऐकू येते, जात्यात थोडे खडे गेल्यासारखी. परत येऊन बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा चालू करा. गरम असताना न धरणारं मशीन कॉइल किंवा रिंगांचं दुखणं सांगत असतं. या फेरीला वल्ही, नांगर, लाइफ जॅकेट आणि सोबत दुसरी होडी हवीच. मालवणजवळच्या देवबागच्या संगमावर किंवा कुठल्याही खाडीच्या तोंडाशी, जिथे लाटा फुटतात, तिथे ही चाचणी करू नका.

किंमत ठरवताना चांगल्या, न बुडालेल्या त्याच मॉडेलचा चालू दर १०० धरा. त्यातून भाग वजा करा. क्रँक असेंब्ली, दोन्ही पिस्टन-रिंगा, सगळे सील, गास्केट संच, पाण्याचा पंप, कार्बोरेटर किट, किल स्विच, वायरिंग. समजा कोटेशन ४५ चं आलं. मजुरी १०. न दिसलेल्या बिघाडासाठी २० राखून ठेवा. उरतात २५, आणि तोच तुमचा वरचा आकडा. जाहिरातीत मागितलेले ६० किंवा ७० या हिशोबात कुठेच बसत नाहीत. क्रँक खरोखर चांगला दिसला तर यादी निम्म्यावर येते, म्हणून तर खिडकी उघडायचा एवढा आग्रह. क्रँक प्रेसवर उघडून बेअरिंगं बदलून पुन्हा सरळ करणारा कारागीर जवळ आहे का, हेही आधी शोधा. तो नसेल तर पूर्ण असेंब्लीच धरावी लागते.

कागदांचं काम लांबवण्यासारखं नाही. क्लॅम्प ब्रॅकेटवरचा (मशीन होडीला धरून ठेवणारा भाग) सीरियल नंबर बिलाशी जुळवा, पट्टी खरवडलेली किंवा नव्या रिव्हेटची असेल तर निघून या. अनुदानातून घेतलेलं मशीन असेल तर विकायची मोकळीक असल्याचं लेखी घ्या. विम्याचा दावा झाला होता का ते विचारा. विमा कंपनीनं भंगार म्हणून काढलेलं मशीन ‘किरकोळ पाणी लागलेलं’ असू शकत नाही. पावतीवर हे वाक्य लिहून घ्या: ‘सदर मशीन अमुक तारखेच्या पुरात अमुक तास गोड्या / खाऱ्या पाण्यात बुडालेले होते, अमुक तारखेस खोलण्यात आले.’ सही करायला तयार नसणारा विकणारा स्वतःच्या मशीनबद्दल तुम्हाला सगळं सांगून गेलेला असतो.

आणि ज्यांनी आधीच घेऊन ठेवलंय त्यांच्यासाठी. लगेच होडीला लावू नका. गिअर ऑइल बदला, इंधनाची टाकी, नळी, फिल्टर नवे घ्या, किल स्विच बदला, वर सांगितलेल्या मार्गानं क्रँककेसमध्ये बघा. पहिले दहा तास २५ ला १ मिश्रण, किनाऱ्याच्या नजरेत, अर्ध्या थ्रॉटलच्या खाली. पाच तासांनी गिअर ऑइल खालच्या स्क्रूतून चमचाभर काढून रंग बघा. दहा तासांनी प्लग काढा: खालच्या सिलिंडरच्या प्लगवर चंदेरी बारीक कण चिकटलेले दिसले तर ते बेअरिंगचं किंवा पिस्टनचं धातू आहे. तिथेच थांबा, दोरी पुन्हा ओढू नका, मशीन उतरवून मिस्त्रीच्या टेबलावर ठेवा. या क्षणी थांबलात तर सिलिंडर ब्लॉक वाचतो.